भुजंगकाकांचा बधिर हात

भुजंगकाकांचा डावा हात आठवड्यातून दोन-तीनदा, तासाभरासाठी, त्यांचा स्वतःचा नसायचा. तो नुसता खांद्याला लटकलेला असायचा. त्या हातानं त्यांनी चहाची बशी धरली की बशी निसटायची. मग फुटलेल्या बशीकडे बघून ते अगदी समाधानानं म्हणायचे, "वा! दवा चांगली आहे."

काका जनावरांचे डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरीला होते आणि गौलीगुड्यात आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायचे. गल्लीतले मुसलमान शेजारी त्यांना 'सलोत्रीसाब' म्हणत, तेलुगू गवळी 'डॉक्टरगारू' म्हणत आणि आमची मराठी घरं त्यांच्या माघारी त्यांना 'टोचरे' म्हणत. काकांना हे तिसरं नाव माहीत होतं. एकदा माझ्या वडिलांना ते म्हणाले, "वकीलसाहेब, आडनाव बदलून घ्यायला अर्ज कुठं करावा लागतो? लोकांनी ठरवलंच आहे, तर कागदावरही येऊ द्या."

हाताची गोष्ट अशी होती. बधिर करायच्या दवेच्या बाटल्या सिकंदराबादहून यायच्या. उन्हाळ्यात त्या वाटेतच तापत आणि काही बाटल्यांमधली ताकद उडून जाई. कुठली बाटली चांगली आणि कुठली नुसतं पाणी, हे बघून कळत नसे. म्हणून काका प्रत्येक नवी बाटली उघडली की तिच्यातली थोडी दवा घेत, आपल्या कोपराजवळच्या नसेपाशी सुई घालत आणि घड्याळ समोर ठेवून बसत. दर पाच मिनिटांनी टाचणी घेऊन करंगळीला टोचत. टोचताना साहेबी आवाजात विचारत, "दुखतंय का?" मग आवाज बदलून गरिबासारखं उत्तर देत, "थोडं थोडं, साहेब." पुन्हा पाच मिनिटांनी, "दुखतंय का?" "नाही, साहेब."

परभणीची मावशी आमच्याकडे प्रथम आली तेव्हा तिनं खिडकीतून हा संवाद पाहिला. एक सभ्य दिसणारा गृहस्थ स्वतःला टाचणी टोचतोय, प्रश्न विचारतोय आणि स्वतःच उत्तर देतोय. ती मूठभर मीठमोहऱ्या घेऊन दारात उभी राहिली. आईनं तिला हाताला धरून आत आणलं आणि सांगितलं, "अगं, ते वेडे नाहीत. डॉक्टर आहेत." मावशी म्हणाली, "कशावरून?"

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की दवेची परीक्षा बैलावरच का नाही करत? मी सहसा कुणाला काही विचारत नसे, त्यामुळे काकांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"बैल बोलतो का?"

"नाही."

"मी बोलतो का?"

"हो."

"हौ. मग आधी मी."

'आधी मी' हे त्यांचं ब्रीद होतं. सुई घेऊन ते जनावराच्या पाठीमागून कधी गेले नाहीत. समोरून जात, सुई त्याला दाखवत, त्याच्या देखत आपल्या दंडाला टोचून घेत आणि मग म्हणत, "हे बघ, एवढंच दुखेल. आता तू." बैल, म्हैस, घोडा, कुणीही असो. शेतकरी हसत. एका म्हाताऱ्या गवळ्यानं तर विचारलं होतं, "डॉक्टरगारू, शेण खाऊनही दाखवता का?"

काका उर्दूत शिकलेले. दवांची इंग्रजी नावं त्यांना तोंडपाठ होती, पण सबंध वाक्य आलं की ते अडत. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. मराठी वाचताना माझी गाडी जोडाक्षराला थांबायची, इंग्रजी मात्र भरभर वाचता यायचं. तेव्हा संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी त्यांना जनावरांच्या शस्त्रक्रियेची जाड पुस्तकं वाचून दाखवायची. मला ते काम आवडे. पुस्तक वाचायचं म्हणजे स्वतःचं काही बोलावं लागत नाही. काका मला 'मेमसाहेब' म्हणत. मी फार वेळ गप्प राहिले तर म्हणत, "काय मेमसाहेब, आज जीभ इस्त्रीला दिली का?"

त्यांतल्या एका पुस्तकातला एक धडा त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतला, की त्या पानांचा रंग वेगळा झाला. जनावर झोपवायचं नाही, जागंच ठेवायचं आणि फक्त त्याची कूस बधिर करून पोट उघडायचं, असा तो धडा होता. काका मला समजावून सांगत, "गावोगाव तारेचे खांब असतात. दर खांबावर चढून तार तोडायची का? नको. मुख्य तारघराला कुलूप घाल. मग खांब उभे राहून काय करणार? पाठीच्या कण्यातून नसा जिथं बाहेर पडतात तिथंच सुई घालायची. पुढचा सगळा मुलूख गप्प."

क्लोरोफॉर्मचा त्यांना मनस्वी राग होता. "रवंथ करणारं जनावर झोपवलं, की पोटातलं घशात येतं आणि घशातलं छातीत जातं. बुडून मरतं बिचारं, कोरड्या जमिनीवर."

त्या वर्षी थंडी संपता संपता कुकटपल्लीच्या वाटेवरच्या एका नवाबसाहेबांच्या बागेतून, तिथली देखरेख करणारा दारोगा टांगा घेऊन आला. बागेत नवाबसाहेबांनी हौसेनं जनावरं पाळली होती. सांबरं, मोर, एक म्हातारा चित्ता, आणि 'विलायती उंट'. हा उंट समुद्रापलीकडून आला होता. चार दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं, पोट ढोलासारखं फुगलं होतं. आदल्या वर्षी तिथलंच एक हरीण क्लोरोफॉर्मखाली गेलं होतं. ते नवाबसाहेबांच्या मनाला फार लागलं होतं, आणि आता त्यांनी ठरवलं होतं, की या जनावराचे हाल नको. उद्या दुपारी बंदूक.

"उद्या सकाळ माझी," काका म्हणाले. "दुपार त्यांची."

दारोग्यानं उंट कसा दिसतो त्याचं वर्णन केलं. कुबड नाही, अंगावर लोकर, कान लांब, बोलत नाही, गुणगुणतं. रागावलं की थुंकतं. काका माझ्याकडे वळले. मी माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र आठवून हळूच म्हणाले, "लामा."

"पुस्तकात आहे?"

मी सबंध अनुक्रमणिका बघितली. गाय, घोडा, कुत्रा, मेंढी होती. उंटाचा एका ओळीत उल्लेख होता. लामा नव्हता.

मग दारोग्यानं खरी अडचण सांगितली. ते जनावर बागेच्या जनान्याकडच्या भागात राहायचं. बेगमसाहेबांनी त्याला हातानं चारलेलं, नाव ठेवलेलं शहजादी. बाईमाणूस जवळ असलं की गरीब गाय, पुरुष दिसला की थुंकायचं आणि लाथ मारायचं. उंट सांभाळणाऱ्या माणसानं तिला उंटासारखं बसवायचा प्रयत्न दोन वर्षं केला होता. त्याचे सगळे अंगरखे बाद झाले होते. डोकं धरायला कुणीतरी बाई हवी होती. बेगमसाहेबा तर डॉक्टरांसमोर पडद्याबाहेर येणार नाहीत.

काका माझ्याकडे बघत नव्हते. ते मुद्दाम समोरच्या भिंतीकडे बघत होते. आई दारातून म्हणाली, "ती जाईल. पण दुपारच्या आत घरी आणून सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शहजादी पेंढ्यावर बसली होती. मान उंच, डोळे मोठे, पापण्या एखाद्या नटीसारख्या. तोंडातून बारीक 'म्म्म्' असा आवाज येत होता. मी तिच्या मानेवर हात ठेवला. ती थांबली, मला हुंगलं आणि पुन्हा गुणगुणू लागली.

आधी तिचं वजन हवं होतं. बधिर करायची दवा जास्त झाली तर लहान जनावराला झटके येतात, आणि ही मेंढीपेक्षा मोठी, गाईपेक्षा लहान. काकांनी जवळच्या लाकडाच्या वखारीतला मोठा काटा मागवला. एका पारड्यात शहजादी, दुसऱ्यात जळाऊ लाकडं. शहजादीनं पारड्यात पाय मुडपून बसून सगळ्यांकडे असं बघितलं, की दारोग्यानं मान खाली घातली. काकांनी कागदावर आकडेमोड केली, दवा उकळून गार केलेल्या पाण्यानं पातळ केली आणि म्हणाले, "याच्यावर एक थेंबही नाही. पुरवून वापरायची."

मग ते सुई घेऊन समोरून गेले.

"शहजादी, हे बघ. आधी मी." त्यांनी दंडाला टोचून घेतलं. शहजादीनं कान मागे टाकले आणि नेम धरून त्यांच्या तोंडावर थुंकली. हिरवं, आंबूस. काकांनी चष्मा पुसला.

"इजाजत मिळाली," ते म्हणाले.

दारोगा म्हणाला, "साब, जनावर है. जनावरकू क्या पूछना?"

"तुमकू पूछे बगैर तुम्हारा पेट काटे तो?"

दारोगा दोन पावलं मागे सरकला.

तिच्या डाव्या कुशीची लोकर कातरली. काकांनी बोटांनी कणा चाचपत एकेक जागा शोधली आणि सुई घातली. मग घड्याळ. मग टाचणी. "दुखतंय का?" या वेळी उत्तर द्यायला ते स्वतः नव्हते. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "मेमसाहेब, तू बोलत नाहीस, पण तुझे कान तिखट आहेत. तिचा आवाज ऐकत राहा. चढला, की मला सांग. लाजू नकोस." पहिल्या टाचणीला आवाज चढला. दुसऱ्या टाचणीला थोडा. चौथ्या टाचणीला शहजादी तशीच एका सुरात गुणगुणत राहिली आणि माझ्या वेणीचं टोक चघळू लागली.

काकांनी सुरी हातात घेतली. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या.

"डॉक्टर साहब, उसे तकलीफ तो नहीं हो रही?" बेगमसाहेबांचा आवाज तरुण होता, माझ्याच वयाचा असावा.

"आप बातें करते रहिये, बेगमसाहेबा," काका वर न बघता म्हणाले. "तकलीफ होगी तो वोच बोलेगी."

मग बेगमसाहेबा पडद्यामागून शहजादीशी बोलत राहिल्या. आंब्याला मोहर आलाय, मोरानं माळ्याची पगडी पळवली, असलं काहीबाही. शहजादीचे कान तिकडे वळलेले होते. तिची कूस उघडी होती, तिथून वाफ निघत होती, आणि ती मोराची गोष्ट ऐकत होती. मी त्या बाजूला बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण बघितलं, आणि मला भीती वाटली नाही.

आणि मग आवाज चढला.

"काका," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. "काका! चढला!"

काकांचा हात जागच्या जागी थांबला. ते पोटाची पिशवी बाहेर ओढत होते. त्यांनी ती सैल सोडली.

"हां. कातडी झोपवता येते, मेमसाहेब. पोट ओढलं तर आतून कळतंच. तो माझ्या मुलखाबाहेरचा भाग आहे." ते थांबले. शहजादी जोरजोरात श्वास घेत होती. सोबत आलेल्या कंपाउंडरनं दबक्या आवाजात क्लोरोफॉर्मची बाटली आणू का विचारलं. काकांनी मानेनंच नको म्हटलं. दारोगा म्हणाला, "साब, टाइम हो रा. हुजूरां बारा बजे आते." काका हात तसाच धरून उभे होते, कपाळावरचा घाम डोळ्यांत चालला होता, आणि आम्ही सगळे त्या एका आवाजाकडे कान लावून होतो. हळूहळू तो खाली आला. पुन्हा 'म्म्म्'.

"आला खाली," मी म्हणाले.

"शाबास." बोटभर ओढलं. आवाज चढला. थांबले. खाली आला. पुन्हा बोटभर. तासाभराचं काम दोन तास चाललं. ओढायचं किती ते काका ठरवत नव्हते, शहजादी ठरवत होती, आणि मी मधली तार होते.

शेवटी पिशवी उघडली आणि काकांनी कोपरापर्यंत हात घातला. चेहरा विचारात पडला. मग त्यांनी एक गच्च, ओला गोळा बाहेर काढला. तो उलगडत गेला, लांबत गेला, हिरवा मखमली, कडेला जरीचे गोंडे.

"या अल्ला!" दारोगा ओरडला. "ये तो ईदवाली झूल है!"

खऱ्या उंटांना मिरवणुकीत घालतात तशी झूल विलायती उंटालाही शिवली होती. ईदेनंतर ती हरवली म्हणून दोन नोकरांना काढून टाकलं होतं. पडद्यामागे बेगमसाहेबा हसू लागल्या. हसता हसता त्यांनी दोन्ही नोकरांना आजच्या आज परत बोलवा म्हणून सांगितलं.

टाके घालून झाले तेव्हा बारा वाजायला आले होते. नवाबसाहेब आले. त्यांच्या मागे बंदूकवाला होता. शहजादी स्वतःच्या पायांवर उभी राहिली, एकदा डुलली, सावरली, आणि बंदूकवाल्याच्या अंगरख्यावर थुंकली. नवाबसाहेबांनी त्याला परत पाठवलं.

पण काका आनंदी नव्हते. "पोट चालू झालं पाहिजे," ते म्हणाले. "तोवर काही खरं नाही." ते रोज सकाळी जायचे. मीही जायची, कारण टाके बघताना डोकं धरायला लागायचं. पहिला दिवस, दुसरा दिवस, काही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दोन काड्या गवत खाल्लं. चौथ्या दिवशी आम्ही फाटकातून आत शिरतो, तर दारोगा दोन्ही हात वर करून धावत येत होता. "हो गया! सलोत्रीसाब, शहजादी लेंड्यां की!"

काका धावत गेले, खाली बसले आणि त्या बारक्या काळ्या लेंड्यांकडे असे बघत राहिले, जसं कुणी पोरीचं परीक्षेतलं यश बघावं. मला इतकं हलकं वाटलं, की मी मोठ्यानं हसले. दुपारी बेगमसाहेबांनी सगळ्या बागेला मिठाई वाटली. मिठाई कशाबद्दल आहे ते मी घरी सांगितलं नाही. वडिलांनी दोन तुकडे खाल्ले.

टाके काढायच्या दिवशी नवाबसाहेबांनी काकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? दारोगा मागून खुणा करत होता, घड्याळ मागा, घोडा मागा. काका बराच वेळ पायानं माती उकरत राहिले.

"हुजूर, चार मेंढ्या द्या."

"चार मेंढ्या?"

"मला नाही. हिला. हिच्या गोठ्यात सोडा. या जनावरांना कळपाची सवय असते. हिची जोडीदारीण येताना जहाजावरच दगावली, दारोगा सांगत होता. दोन वर्षं ही भिंतीकडे बघत बसली आहे. एकटं जनावर हाताशी येईल ते चघळत बसतं, हुजूर. भूक म्हणून नाही."

मेंढ्या त्याच दिवशी आल्या. शहजादीनं लांबूनच मान उंचावून बघितलं. मग जवळ गेली, एकेकीला हुंगलं, एकीवर थुंकली, आणि त्यांच्या मधोमध पाय मुडपून बसली. काकांचं तिथलं काम तासाभरापूर्वीच संपलं होतं. ते कुंपणाला टेकून उभेच होते. मीही उभी राहिले. टांगेवाला दोनदा खाकरला.

परतीच्या वाटेवर ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शहराच्या जवळ आल्यावर, मला उद्देशून नव्हे, नुसतं रस्त्याकडे बघत म्हणाले, "उद्यापासून सकाळी इकडं यायचं कारण नाही."

मला त्यांच्या दोन खोल्या आठवल्या. एकाच पातेल्यात आधी सुया उकळायच्या, मग चहा. काकूंना आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. त्या साथीत गेल्या, एवढंच आई सांगायची. सणावाराला आई जेवायला बोलवायची, आणि काकांना नेमकं त्याच दिवशी कुठल्या तरी गावी कुणाची तरी म्हैस अडलेली असायची.

टांगा आमच्या गल्लीत वळला. मी म्हणाले, "काका, आमच्याकडे चला. आई जेवायची थांबली आहे."

हे खोटं होतं. आईला काहीच माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हैस येईल. म्हैस आली नाही.

आईनं एक शब्द न विचारता पाट मांडला. काकांनी हातपाय धुतले आणि खाली मान घालून जेवू लागले. ज्वारीची भाकरी, अंबाड्याची भाजी, एवढंच होतं. वडील कोर्टातली कुठलीशी गंमत सांगत होते. काका मधूनमधून "हौ" म्हणत होते. भाकरी संपली तेव्हा आई टोपली घेऊन त्यांच्यासमोर वाकली.

"आणखी वाढू का, भावजी?"

काकांनी ताटावर हात आडवा धरला नाही.